सूक्ष्मदर्शक: प्रकाशाची वाट आणि पाहण्याची रीत

जीवशास्त्राच्या प्रात्यक्षिकाच्या तासाला जळगाव, धुळे किंवा शहाद्याच्या कोणत्याही महाविद्यालयात डोकावले तरी एक गोष्ट सारखीच आढळते. विद्यार्थी स्लाईड ठेवतो, ४ एक्सवर, म्हणजे चार पट मोठे दाखवणाऱ्या भिंगावर, ओझरती नजर टाकतो आणि लगेच ४० एक्सची ऑब्जेक्टिव्ह फिरवून घेतो, कारण जितके मोठे तितके चांगले, असा त्याचा पक्का समज असतो. मग काळपट, धूसर असे काहीतरी दिसते आणि खापर फुटते ते उपकरणावर. उपकरण जुने असते हे खरे. परंतु बहुतेक वेळा भिंग धड असते आणि त्याला मिळणारा प्रकाशच चुकीचा असतो. म्हणून भागांची नावे पाठ करण्याआधी दिव्यापासून डोळ्यापर्यंत प्रकाश कोणत्या वाटेने जातो हे पाहावे, म्हणजे प्रत्येक चाक आणि प्रत्येक खिटी कशासाठी आहे याचा उलगडा आपोआप होतो.

प्रतिमा कशी तयार होते

संयुक्त सूक्ष्मदर्शकात भिंगांचे दोन संच असतात. स्लाईडच्या जवळ असते ती ऑब्जेक्टिव्ह आणि डोळ्याजवळ असते ती आयपीस. ऑब्जेक्टिव्हचे नाभीय अंतर फार कमी असते आणि आपण फोकस करतो तेव्हा स्लाईडवरील वस्तू त्या नाभीच्या किंचित पलीकडे येईल अशी तिची जागा ठरवत असतो. त्यामुळे नळीच्या वरच्या टोकाजवळ वस्तूची मोठी, उलटी आणि वास्तव प्रतिमा तयार होते. आयपीस या प्रतिमेकडे साध्या भिंगासारखी पाहते आणि तिची आणखी मोठी, आभासी प्रतिमा डोळ्याला दाखवते. एकूण विशालन म्हणजे या दोन टप्प्यांचा गुणाकार होय. १० एक्सची आयपीस आणि ४० एक्सची ऑब्जेक्टिव्ह असल्यास ते ४०० पट होते.

याची खातरजमा करण्यासाठी वर्तमानपत्राचा लहानसा तुकडा पुरेसा आहे. त्यावर 'त' हे अक्षर येईल असा कपटा कापून तो सरळ वाचता येईल अशा रीतीने स्लाईडवर ठेवावा, वर पाण्याचा थेंब आणि कव्हरस्लिप, म्हणजे झाकणाची पातळ काच, टाकावी आणि ४ एक्सखाली पाहावे. शिरोरेखा खाली गेलेली दिसते आणि अक्षराचा उजवीकडचा दंड डावीकडे आलेला दिसतो. स्लाईड डावीकडे सरकवली की अक्षर उजवीकडे पळते. तळ्याच्या पाण्यातील एखादा पॅरामेशियम हा एकपेशीय जीव क्षेत्राबाहेर निसटतो तेव्हा ज्यांनी हा प्रयोग केलेला नसतो ते स्लाईड हमखास विरुद्ध दिशेला ढकलतात आणि तो जीव कायमचा हरवतो.

त्याच वर्तमानपत्रातील छायाचित्राचा एक कपटा नंतर पाहावा. डोळ्यांना जे सलग चित्र वाटत होते ते ४ एक्सखाली सुट्या ठिपक्यांचे बनलेले दिसते. ऑब्जेक्टिव्ह बदलून १० एक्सवर गेले तर ठिपके मोठे होतात, छायाचित्रातील माणसाचा चेहरा मात्र अधिक स्पष्ट होत नाही, कारण छापताना जी माहिती कागदावर आलीच नाही ती मोठी करून मिळत नाही. सूक्ष्मदर्शकाच्या बाबतीतही हाच नियम लागू पडतो: ऑब्जेक्टिव्हने जो तपशील पकडला नाही तो आयपीस कितीही जोरकस लावली तरी दिसत नाही.

विशालन आणि विभेदन

निरोगी डोळ्याला २५ सेंटीमीटर अंतरावरून सुमारे ०.१ मिलिमीटर अंतरावरचे दोन बिंदू वेगळे ओळखता येतात. त्याहून जवळचे बिंदू एकच भासतात. दोन बिंदू वेगळे दाखवण्याच्या या क्षमतेला विभेदनक्षमता म्हणतात आणि सूक्ष्मदर्शकाची खरी किंमत तिच्यावरून ठरते. जर्मनीतील येना येथे कार्ल झाइस यांच्या कारखान्यासोबत काम करणारे एर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्ये या क्षमतेची मर्यादा सिद्धान्त मांडून दाखवली. वस्तूच्या बारीक तपशिलावरून जाताना प्रकाशाचे विवर्तन होते, म्हणजे तो बाजूला पसरतो. तपशील जितका बारीक तितका पसरण्याचा कोन मोठा असतो. हे तिरके किरण ऑब्जेक्टिव्हमध्ये शिरले तरच तो तपशील प्रतिमेत उतरतो.

ऑब्जेक्टिव्ह किती रुंद कोनातील किरण गोळा करू शकते हे सांगणारी संख्या म्हणजे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर. ती ऑब्जेक्टिव्हच्या अंगावरच कोरलेली असते, पण विद्यार्थी तिच्याकडे क्वचितच पाहतात. ४० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हवर विशालनानंतर बहुधा ०.६५ असे लिहिलेले असते आणि त्याखाली १६० व ०.१७ हे आकडे असतात. पहिला आकडा नळीची लांबी मिलिमीटरमध्ये सांगतो, तर दुसरा कव्हरस्लिपची जाडी.

वेगळे दिसू शकणाऱ्या दोन बिंदूंमधील किमान अंतर काढण्यासाठी प्रकाशाच्या तरंगलांबीला ०.६१ ने गुणावे आणि न्यूमरिकल अ‍ॅपर्चरने भागावे. हिरव्या प्रकाशाची तरंगलांबी ०.५५ मायक्रोमीटर (मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) धरली तर ४ एक्स व ०.१० च्या ऑब्जेक्टिव्हसाठी हे अंतर सुमारे ३.४ मायक्रोमीटर येते, १० एक्स व ०.२५ साठी १.३, ४० एक्स व ०.६५ साठी ०.५२ आणि तेलातील १०० एक्स व १.२५ साठी ०.२७. याचा व्यवहारातील अर्थ असा की न्यूमरिकल अ‍ॅपर्चरच्या सुमारे हजार पटींपर्यंतचेच विशालन उपयोगी असते. ०.६५ साठी ही मर्यादा ६५० पट होते; त्यामुळे ४० एक्ससोबत २० एक्सची आयपीस लावून ८०० पटींचा आनंद मिळवणाऱ्याच्या पदरात नवीन तपशील काहीच पडत नाही. विक्रेत्यांच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेले "२००० पट" हे आकडे याच नजरेने वाचावेत.

कंडेन्सर: सर्वांत दुर्लक्षित भाग

ऑब्जेक्टिव्ह रुंद कोनातील किरण घेऊ शकते, पण स्लाईडवर मुळात रुंद शंकूच्या आकारात प्रकाश पडलाच नाही, तर तिची ती क्षमता वाया जाते. हा शंकू तयार करण्याचे काम स्टेजखालील, म्हणजे स्लाईड ठेवायच्या पाटाखालील, कंडेन्सर हा भिंगांचा संच करतो. कंडेन्सर खाली ओढलेला आणि त्याचा डायफ्रॅम, म्हणजे प्रकाशाचे छिद्र लहानमोठे करणारा पडदा, जवळजवळ बंद असेल तर ०.६५ च्या ऑब्जेक्टिव्हची विभेदनक्षमता निम्म्यावर येते, ०.५२ ऐवजी साधारण एक मायक्रोमीटरहून जवळचे बिंदू ती वेगळे करू शकत नाही. प्रयोगशाळेत मांडलेल्या सूक्ष्मदर्शकांपैकी निम्म्यांचे कंडेन्सर कायम खालीच पडलेले असतात, हे कोणीही टेबलांवरून फेरी मारून पाहावे.

प्रकाशाची मांडणी पुढील क्रमाने करावी. आरशाचे उपकरण असल्यास, आणि विजेचा भरवसा नसलेल्या गावांत असे उपकरण अजूनही उपयोगी पडते, कंडेन्सर असताना आरशाची सपाट बाजू वापरावी. कंडेन्सर नसेल तरच अंतर्गोल बाजू लावावी. उत्तरेकडील खिडकीतून येणारा आकाशाचा उजेड उत्तम. खानदेशातील उन्हाचा थेट कवडसा आरशात कधीही घेऊ नये, कारण भिंगांतून एकवटलेला सूर्यप्रकाश डोळ्याच्या पडद्याला कायमची इजा करू शकतो. दिव्याचे उपकरण असल्यास दिवा मंद ठेवून सुरुवात करावी.

त्यानंतर कंडेन्सर वर नेऊन स्लाईडच्या अगदी जवळ आणावा आणि १० एक्सवर एखादी रंगवलेली स्लाईड फोकस करावी. आता आयपीस नळीतून काढून रिकाम्या नळीतून खाली पाहावे. ऑब्जेक्टिव्हच्या मागच्या बाजूला एक उजळ वर्तुळ दिसते. डायफ्रॅमची खिटी हळूहळू फिरवली की त्या वर्तुळात चहूकडून काळी कडा आत सरकू लागते; उजळ भाग मूळ व्यासाच्या सुमारे तीन चतुर्थांश उरला की थांबावे आणि आयपीस परत बसवावी. ऑब्जेक्टिव्ह बदलली की हा डायफ्रॅमही बदलावा लागतो: ४ एक्ससाठी तो बराच बंद, ४० एक्ससाठी बराच उघडा. उजेड डोळ्यांवर येत असेल तर दिव्याचा प्रकाश कमी करावा, डायफ्रॅमला हात लावू नये.

या नियमाला एक अपवाद जाणीवपूर्वक करता येतो. न रंगवलेल्या जिवंत पेशी जवळजवळ पारदर्शक असतात आणि पूर्ण उघड्या डायफ्रॅममध्ये त्या पांढऱ्या उजेडात विरून जातात. जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठचे हिरवट पाणी पाहताना डायफ्रॅम थोडा अधिक बंद केला तर कडा उठून दिसतात. विभेदन थोडे गमावून उठाव मिळवण्याचा हा सौदा आहे. असा सौदा न करता पारदर्शक पेशी ठळक दाखवणारी फेज कॉन्ट्रास्टची पद्धत फ्रिट्स झेर्निके यांनी शोधली आणि त्यासाठी त्यांना १९५३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

फोकस करताना

नेहमी ४ एक्सपासून सुरुवात करावी. डोळा आयपीसला न लावता बाजूने पाहत स्टेज ऑब्जेक्टिव्हच्या जवळ आणावी आणि मग आयपीसमधून पाहत मोठ्या चाकाने ती दूर नेत नेत प्रतिमा मिळवावी; म्हणजे भिंग काचेवर आदळण्याचा प्रश्नच येत नाही. हवा असलेला भाग क्षेत्राच्या मधोमध आणून १० एक्स आणि मग ४० एक्स लावावी. चांगल्या उपकरणात एका ऑब्जेक्टिव्हवर जुळलेला फोकस दुसऱ्यावरही जवळपास जुळलेला असतो, त्यामुळे ४० एक्सवर फक्त लहान चाक फिरवावे. या ऑब्जेक्टिव्हचे टोक आणि कव्हरस्लिप यांत जेमतेम अर्धा मिलिमीटर जागा उरते. प्रयोगशाळेत सर्वाधिक हाल होतात ते याच ऑब्जेक्टिव्हचे, आणि ते मोठ्या चाकामुळे होतात.

१० एक्सवर स्वच्छ दिसणारी स्लाईड ४० एक्सवर कितीही प्रयत्न केला तरी जुळत नसेल, तर ती बहुधा उलटी ठेवलेली असते. तेव्हा वस्तू आणि भिंग यांच्यामध्ये ०.१७ मिलिमीटरच्या कव्हरस्लिपऐवजी सुमारे एक मिलिमीटर जाडीची काच येते आणि भिंग तेवढे जवळ जाऊच शकत नाही. कव्हरस्लिपा एकमेकींना चिकटून दोन पडल्या असतील तरी प्रतिमा धुकट होते. ४० एक्सवर एका वेळी फोकसमध्ये येणारा थर जेमतेम एक मायक्रोमीटरचा असतो, म्हणून अनुभवी निरीक्षकाचे एक बोट लहान चाकावर सतत हलके फिरत असते. पेशीची वरची भिंत, मधले केंद्रक आणि तळ यांचे चित्र तो डोक्यात थराथराने जुळवत जातो. जर्नलमधील आकृतीही अशीच, दिसलेल्या थरांवरून काढावी.

केळी आणि कापूस

कांद्याचा पापुद्रा प्रत्येक पुस्तकात असतोच. त्याबाबत एवढेच सांगावेसे वाटते की कव्हरस्लिप तिरकी टेकवून सावकाश सोडावी, अन्यथा जाड काळ्या कडेचे हवेचे बुडबुडे अडकतात आणि दरवर्षी कोणीतरी त्यांची आकृती "पेशी" म्हणून काढून ठेवतो.

रावेर–यावलच्या पट्ट्यात त्याहून रंजक वस्तू हाताशी आहे. हिरव्या, कच्च्या केळीचा गर सुईच्या टोकाने किंचित खरवडावा, पाण्याच्या थेंबात पसरावा आणि कव्हरस्लिप ठेवावी. गर मोहरीएवढाच घ्यावा. जास्त घेतल्यास थरावर थर साचून काहीच कळत नाही. १० एक्सवर लांबट, वेड्यावाकड्या आकाराचे रंगहीन कण विखुरलेले दिसतात. हे स्टार्चचे कण होत. आता कव्हरस्लिपच्या एका कडेला सौम्य आयोडीनचा थेंब ठेवावा आणि समोरच्या कडेला टिपकागदाचा तुकडा टेकवावा. कागद पाणी ओढून घेतो, तसा आयोडीन काचेखाली शिरतो आणि पिवळसर लाट क्षेत्रातून पुढे सरकताना तिच्या मार्गातील कण एकामागून एक निळे–जांभळे होत जातात. आयोडीन तीव्र असल्यास ते क्षणात काळे ठिक्कर पडतात आणि आतील रचना झाकली जाते, म्हणून चहाच्या फिक्या रंगाइतके सौम्य द्रावण घ्यावे. हेच पूर्ण पिकलेल्या केळीवर केले असता मोजकेच कण निळे होतात, कारण पिकताना विकरांनी स्टार्चची साखर केलेली असते. केळीच्या चिकाचे डाग कपड्यांवरून जात नाहीत, तेव्हा एप्रन घालावा. सालीचा पातळ काप घेतल्यास त्यात कॅल्शिअम ऑक्झलेटच्या सुयांच्या जुड्याही कधी कधी सापडतात.

कापसाच्या बोंडातून ओढलेला एक धागा पाण्यात ठेवून पाहिला तर तो गोल नसतो. पिळलेल्या चपट्या फितीसारखा दिसतो. सरकीच्या आवरणातील एकच पेशी लांब वाढून हा तंतू होतो आणि बोंड फुटून तो वाळला की आतील पोकळी बसते व तंतूला पीळ पडतो. अडीच–तीन सेंटीमीटर लांब असलेली ही एकच पेशी रुंदीला मात्र सुमारे १५ ते २० मायक्रोमीटर असते. शेजारी पॉलिएस्टरच्या कापडातील धागा ठेवावा. तो गुळगुळीत नळीसारखा असतो आणि दोघांतील फरक विद्यार्थ्यालाही एका नजरेत कळतो.

ही रुंदी अंदाजाने लिहू नये, मोजावी. आयपीसवर १८ हा क्षेत्रांक कोरलेला असल्यास त्याला ऑब्जेक्टिव्हच्या विशालनाने भागले की दिसणाऱ्या क्षेत्राचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो: ४ एक्सवर ४.५, १० एक्सवर १.८ आणि ४० एक्सवर ०.४५ मिलिमीटर. अधिक अचूकतेसाठी आयपीसमध्ये मोजपट्टीची चकती बसवावी आणि स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे बारीक मोजपट्टी कोरलेल्या स्लाईडशी, ती जुळवावी. स्टेज मायक्रोमीटरवर एका मिलिमीटरचे १०० भाग केलेले असतात, म्हणजे प्रत्येक भाग १० मायक्रोमीटरचा. समजा ४० एक्सवर आयपीसच्या ४० रेघा स्टेजच्या १० भागांवर बरोबर बसल्या, तर ४० रेघा म्हणजे १०० मायक्रोमीटर आणि एक रेघ म्हणजे २.५ मायक्रोमीटर झाली. कापसाच्या तंतूची रुंदी ७ रेघा भरली तर ती १७.५ मायक्रोमीटर होय. ऑब्जेक्टिव्ह बदलली की ही जुळणी पुन्हा करावी लागते, आणि परीक्षेत गुण जातात ते नेमके येथे.

तेल कशासाठी

१०० एक्सच्या ऑब्जेक्टिव्हखाली तेलाचा थेंब घालण्यामागे अपवर्तन आहे. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५२ असतो आणि हवेचा १. त्यामुळे कव्हरस्लिपमधून सुमारे ४१ अंशांहून अधिक तिरकस निघणारे किरण हवेत न येता काचेतच परत वळतात. जे तिरके किरण बारीक तपशील घेऊन येतात तेच असे वाटेत अडतात. काचेच्याच अपवर्तनांकाचे तेल मध्ये भरले की किरणांच्या दृष्टीने तेथे हवा उरतच नाही आणि ते सरळ ऑब्जेक्टिव्हमध्ये शिरतात. कोरड्या ऑब्जेक्टिव्हचे न्यूमरिकल अ‍ॅपर्चर १ च्या वर जाऊ शकत नाही. तेलामुळे ते १.२५ पर्यंत नेता येते.

तेलातील भिंगाचा उपयोग रक्ताच्या स्लाईडवर सर्वांत चांगला कळतो. लिशमनच्या रंगाने रंगवलेल्या थरात ७–८ मायक्रोमीटरच्या लाल पेशी गुलाबी दिसतात आणि मध्यभागी फिकट असतात. श्वेतपेशींची केंद्रके जांभळी उठून दिसतात. सातपुड्याच्या पायथ्याशी, विशेषतः नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजांत, सिकलसेल हा आनुवंशिक आजार आढळतो, म्हणून त्याची कायमस्वरूपी स्लाईड येथील विद्यार्थ्याने आवर्जून पाहावी. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानावर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन आल्याने ऑक्सिजन कमी होताच हिमोग्लोबिनच्या रेणूंचे लांब दांडे बनतात आणि पेशी विळ्यासारखी ताणली जाते. येथे सूक्ष्मदर्शकाची मर्यादाही लक्षात घ्यावी: ज्याला एकाच पालकाकडून हे जनुक मिळाले आहे अशा वाहकाच्या साध्या स्लाईडवर पेशी बहुधा नेहमीसारख्याच दिसतात, त्यामुळे निदानासाठी हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस (विद्युतक्षेत्रात त्याचे प्रकार वेगळे करण्याची पद्धत) किंवा तत्सम तपासणी करावीच लागते. विद्यार्थ्यांनी एकमेकांच्या बोटांतून रक्त काढून हा प्रयोग करू नये. तयार स्लाईड पुरेशी आहे.

याहून बारीक काही पाहायचे असेल, उदाहरणार्थ पेशीत प्रथिने बनवणारा, सुमारे २५ नॅनोमीटरचा (०.०२५ मायक्रोमीटरचा) रायबोसोम, तर दृश्य प्रकाशाची तरंगलांबीच आड येते. १९३१ मध्ये एर्न्स्ट रुस्का आणि माक्स नोल यांनी प्रकाशाऐवजी इलेक्ट्रॉन वापरून ही अडचण ओलांडण्याची सुरुवात केली.

निगा

तेल वापरून झाले की ते लगेच भिंगाच्या कागदाने टिपून घ्यावे; वाळलेले तेल भिंगावर चिकट थर धरते. तेल लागलेल्या स्लाईडवर ४० एक्स परत फिरवू नये, कारण ती कोरडी वापरायची ऑब्जेक्टिव्ह आहे आणि तिच्या टोकाला तेल लागले की पुढच्या तासाची सर्व निरीक्षणे धूसर होतात. आपल्याकडे एप्रिल–मेमध्ये बारीक धूळ बंद कपाटातही शिरते, तेव्हा भिंग पुसण्याआधी रबरी फुग्याने धूळ उडवावी. रुमालाने थेट पुसल्यास तीच धूळ भिंगावर ओरखडे काढते. तोंडाने फुंकर घालू नये. डाग नेमका कुठे आहे हे ओळखण्यासाठी आयपीस फिरवून पाहावी: डाग तिच्याबरोबर फिरला तर तो आयपीसवर आहे, स्लाईडबरोबर सरकला तर स्लाईडवर, आणि दोन्हींना दाद देत नसेल तर ऑब्जेक्टिव्ह किंवा कंडेन्सर तपासावा. पावसाळ्यात भिंगांवर बुरशीचे जाळे धरते, म्हणून पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवावी आणि तिचे निळे दाणे गुलाबी झाले की ते तापवून पुन्हा निळे करून घ्यावेत. उपकरण ठेवताना ४ एक्स खाली आणून, स्टेज उतरवून, एक हात दांड्याला व दुसरा तळाखाली धरूनच उचलावे.